मेक्सिकोचा पितृपक्ष

दसऱ्याच्या सकाळी दाराला झेंडूचे तोरण बांधताना हे फूल मूळचे परदेशी आहे असे कोणी सांगितले, तर आपल्यापैकी बहुतेकांना ते खरे वाटणार नाही. घटावरची माळ, खंडेनवमीची शस्त्रपूजा, लक्ष्मीपूजनातील चोपड्या, फार काय, कचेरीतील मोटारीचा दर्शनी भाग, ह्या सर्व ठिकाणी झेंडूने आपले स्थान इतके पक्के केले आहे की, तो अनादिकालापासून आपलाच असावा असे वाटते. परंतु वनस्पतिशास्त्राचा निर्वाळा असा आहे की, झेंडूचे माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो समुद्रापार नेला आणि पोर्तुगीजांच्या मार्फत तो आपल्या किनाऱ्यास लागला, असे मानले जाते. आपल्या उपासाचा राजगिराही त्याच भूखंडातला. आणि मिरची, मका, टोमॅटो, सीताफळ व चिकू ही मंडळीही तिकडचीच.

ज्या फुलाने आपण विजयादशमी साजरी करतो, तेच फूल त्याच्या माहेरी मृतांचे फूल म्हणून ओळखले जाते. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मेक्सिकोतील शेते ह्या फुलांनी पिवळीधमक होतात, बाजारात त्यांचे भारे येतात आणि घरोघर पितरांच्या स्वागताची तयारी सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी येणाऱ्या ह्या सणास ते लोक 'दीया दे मुएर्तोस', म्हणजे 'मृतांचा दिवस', असे म्हणतात. प्रस्तुत लेखात ह्या सणाचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे. आम्ही तो देश पाहिलेला नाही. जे सांगावयाचे ते वाचनाच्या आधाराने. परंतु घरापासून दूर राहून घरचे कुलाचार सांभाळू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या इतिहासात काही आपलेही सापडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

प्रथम त्या घरांत काय घडते ते पाहू. घरातील एका भिंतीशी मेज मांडतात, त्यावर दोन-तीन पायऱ्या रचतात आणि स्वच्छ वस्त्र अंथरतात. आपल्याकडील गौरीच्या आराशीची आठवण व्हावी अशी ही मांडणी असते. तिला 'ओफ्रेंदा', म्हणजे अर्पण, असे नाव आहे. तिच्यावर दिवंगत माणसांच्या तसबिरी ठेवतात. तसबिरींपुढे पाण्याचा पेला असतो, कारण लांबच्या प्रवासाने आलेला पाहुणा तहानलेला असणार. शेजारी मिठाची वाटी असते. प्रत्येक मृतासाठी एक मेणबत्ती लावतात. 'कोपाल' नावाच्या झाडाचा डिंक निखाऱ्यावर टाकून आपल्या राळेसारखा धूप करतात. रंगीत पातळ कागदाला छिन्नीने नक्षी पाडून केलेल्या पताका वर टांगतात. काही घरी तर हातपाय धुण्यासाठी तस्त, पाणी आणि पंचादेखील ठेवतात. दारापासून ओफ्रेंदेपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. फुलाचा भडक रंग आणि उग्र वास ह्यांच्या खुणेने पाहुण्याला आपले घर बरोबर सापडते, अशी समजूत आहे.

मग नैवेद्य. मक्याचे पीठ कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेले तमाले, आपल्या पातोळ्यांचे जणू दूरचे भाऊबंद, मिरची, तीळ, सुकी फळे आणि कोको वाटून केलेले दाट 'मोले', वर हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव, ऋतूतील फळे. एवढ्यावर हे थांबत नाही. गेलेल्या माणसाला जे आवडत होते ते प्रत्यक्ष ठेवावयाचे, हा खरा नियम आहे. आजोबांना मद्याचा पेला प्रिय असेल तर तो पेला, विडी ओढत असतील तर विडी, आजीला जो गोड पदार्थ आवडे तो पदार्थ, आणि लहान मूल गेले असेल तर दूध, खाऊ व खेळणे. मुलांच्या जेवणात तिखट घालीत नाहीत. आत्मे अन्नाचा केवळ सुवास घेऊन तृप्त होतात, असे मानतात. ते निघून गेल्यावर उरलेल्या अन्नास पूर्वीची चव राहत नाही, असे जुनी माणसे सांगतात. मग ते अन्न घरची माणसे व शेजारीपाजारी वाटून खातात.

दिवसांची वाटणीही लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक प्रांतांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री लहान मुलांचे आत्मे येतात, ते १ नोव्हेंबरला दुपारी परत जातात व मग मोठी माणसे येतात. २ नोव्हेंबरला त्यांनाही निरोप दिला जातो. काही ठिकाणी २८ ऑक्टोबर हा दिवस अपघाताने किंवा घातपाताने गेलेल्यांसाठी राखलेला असतो. आपल्या पितृपक्षात शस्त्राने वा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी, सवाष्ण गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या असते. मृतांनाही त्यांच्या मृत्यूच्या प्रकाराप्रमाणे वेगळी वेळ दिली पाहिजे, ही कल्पना दोन दूरच्या समाजांना स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. ह्यावरून दोहोंचे मूळ एक आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तसा काडीचाही पुरावा नाही.

सणाचे रूप प्रांतोप्रांती बदलते. मिचोआकान प्रांतातील पात्स्क्वारो सरोवरात हानित्सिओ नावाचे बेट आहे. तेथे स्त्रिया व मुले नैवेद्य घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात कबरींपाशी रात्र जागवतात. राजधानीच्या दक्षिणेस असलेल्या मिस्किक गावीही अशीच जागरणे होतात. युकातानमधील माया लोक ह्या दिवसांना 'आत्म्यांचे जेवण' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात व जमिनीत खड्डा करून त्यात भाजलेला मोठा तमाले हे त्यांचे मुख्य पक्वान्न असते. कांपेचे प्रांतातील पोमुच गावी तर कुटुंबातील माणसे आपल्या आप्तांच्या अस्थी पेटीतून काढून हलक्या हाताने पुसतात आणि खालचे भरतकाम केलेले वस्त्र बदलून पुन्हा ठेवून देतात. आपल्या संस्कारांना हे ऐकून शहारा येईल. पण आजारी वडिलांचे अंथरूण बदलण्यात जी भावना असते, तीच ह्या कृत्यामागे आहे हे समजले म्हणजे तो शहारा राहत नाही.

आता इतिहासाकडे वळू. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मध्य मेक्सिकोत आज्तेक लोकांचे राज्य होते. मरणोत्तर गती माणसाच्या पापपुण्यावर नसून तो कसा मेला ह्यावर ठरते, असे ते मानीत. रणात पडलेले वीर आणि बाळंतपणात गेलेल्या स्त्रिया सूर्याच्या सोबतीला जात. म्हणजे प्रसूतीतील मरण हे त्यांच्या दृष्टीने वीरमरणच होते. पाण्यात बुडून किंवा वीज पडून मेलेले पर्जन्यदेवाच्या हिरव्यागार लोकी जात. तान्ही मुले दुधाचे थेंब गाळणाऱ्या एका वृक्षाखाली राहत. उरलेली सारी सामान्य माणसे मिक्तलान ह्या पाताळाकडे निघत. हा प्रवास चार वर्षांचा असे. वाटेत नदी लागे आणि ती ओलांडण्यास कुत्र्याची सोबत लागे. ही सर्व माहिती बेर्नार्दिनो दे साआगून ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने वृद्ध आज्तेकांकडून विचारून लिहून घेतली. त्याचा बारा खंडांचा ग्रंथ १५७७ च्या सुमारास पूर्ण झाला. परधर्म उखडून टाकण्यासाठी आलेल्या माणसाने त्या धर्माची इतकी तपशीलवार नोंद करून ठेवावी, हा इतिहासाचा एक विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

आज्तेकांच्या वर्षात वीस-वीस दिवसांचे अठरा महिने असत. त्यांपैकी साधारणतः जुलै-ऑगस्टात येणारे दोन लागोपाठचे महिने मृतांचे होते. पहिल्यास 'लहान मृतांचा सण' आणि दुसऱ्यास 'मोठ्या मृतांचा सण' अशा अर्थाची नावे होती. पुढे पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या आणखी एका महिन्यात राजगिऱ्याच्या पिठाच्या डोंगरांच्या मूर्ती करून पूजीत. त्यांचा संबंध पाण्यात बुडून वा वीज पडून मेलेल्यांशी होता. पूजेनंतर त्या मोडून प्रसादासारख्या खात. ख्रिस्ती धर्मगुरूंना हा प्रकार आपल्या पवित्र भाकरीच्या विधीची विटंबना वाटला व त्यांनी तो बंद पाडला. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या वड्या आजही विकल्या जातात. आपल्या उपासाच्या चिक्कीशेजारी त्या ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी आज्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. पण तलवारीपेक्षाही रोगांनी जास्त माणसे नेली. १५२० मध्ये देवी आल्या. १५४५ आणि १५७६ ह्या वर्षी भयंकर साथी पसरल्या. पुरातन जगातील रोगांशी कधीही गाठ न पडलेल्या त्या समाजात गावेच्या गावे ओस पडली, आणि शतक संपेपर्यंत मूळ रहिवाशांचा फार मोठा भाग नाहीसा झाला. मेक्सिकन लोकांचे मृतांशी असलेले नाते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या घरात तसबिरी लावण्यापुरती माणसेदेखील उरली नव्हती, त्या घरांच्या पाठीवर हा सण उभा आहे.

विजेत्यांनी आपल्याबरोबर आपले सण आणले. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस युरोपात नवव्या शतकापासून रूढ होता. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस फ्रान्समधील क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो ह्याने इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अगदी शेवटी सुरू केला, आणि तेथून तो पश्चिम युरोपभर पसरला. स्पेनमध्ये ह्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावीत, मृतांच्या नावे पाव व द्राक्षमद्य अर्पण करीत आणि गोरगरिबांना अन्न वाटीत. म्हणजे मृतांना जेवू घालण्याची चाल जिंकणाऱ्यांजवळही होती आणि जिंकल्या गेलेल्यांजवळही होती. दोन्ही चाली एकमेकींत मिसळल्या नसत्या तरच नवल.

ही मिसळण होत असताना ती आपल्या डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार उपलब्ध आहे. दिएगो दुरान हा डोमिनिकन साधू जन्माने सेव्हिलचा, पण लहानपणापासून मेक्सिकोत वाढलेला. तेथील भाषा त्याला उत्तम येत असे. त्याने लिहून ठेवले आहे की, सर्व संतांच्या दिवशी लोकांना अन्नफळे अर्पण करताना पाहून त्याने कारण विचारले, तेव्हा हे लहान मुलांसाठी आहे, असे उत्तर मिळाले. आणि दुसऱ्या दिवशीचे अर्पण मोठ्यांसाठी, असेही कळले. दुरानच्या मनात लख्ख प्रकाश पडला. 'लहान मृतांचा' व 'मोठ्या मृतांचा' हे जुने दोन सण ख्रिस्ती पंचांगातील दोन दिवसांचे पांघरूण घेऊन जिवंत राहिले आहेत, असा त्याला संशय आला व त्याचे त्याला दुःख झाले. त्याचा ग्रंथ १५८१ च्या सुमारास पुरा झाला, पण त्याच्या हयातीत छापला गेला नाही. तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आला. ज्या गोष्टीबद्दल दुरानने खेद व्यक्त केला, तीच गोष्ट पुढे मेक्सिकन लोकांनी अभिमानाने मिरवली.

येथे एक वाद उपस्थित होतो. हा सण म्हणजे तीन हजार वर्षांची अखंड परंपरा होय, असे लोकप्रिय पुस्तकांत वारंवार लिहिलेले आढळते. उलट एल्सा मालव्हिदो ह्या मेक्सिकन इतिहासविदुषीने हा सण मुळात स्पॅनिश कॅथलिक आहे व त्याचे आज्तेकीकरण विसाव्या शतकातील आहे, असे मत मांडले. स्टॅन्ली ब्रँडिस ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सणाचा एकेक पदार्थ तपासून बरीचशी सामग्री वसाहतकालीन असल्याचे दाखवले. आम्हांस ह्या वादात एकच पक्ष घेणे अवघड वाटते. ओफ्रेंदेवरील जिन्नसच पाहा. गहू स्पेनचा, मेणबत्ती स्पेनची, तारीख रोमन चर्चची. फूल, मका, कोको आणि कोपाल मात्र मेक्सिकोच्या मातीतले. पताकांचा पातळ कागद 'चिनी कागद' ह्या नावाने ओळखला जातो. मनिला ते आकापुल्को अशी गलबते १५६५ पासून १८१५ पर्यंत ये-जा करीत होती, त्या व्यापाराचा हा ठसा. आणि साखर?

साखरेच्या कवट्या हे ह्या सणाचे जगभर गाजलेले चिन्ह. कपाळावर नाव लिहिलेली साखरेची कवटी मित्राला भेट देण्याची पद्धत आहे. नाव मेलेल्याचे नव्हे, जिवंत मित्राचे! साखर मेक्सिकोत नव्हती. ऊस पिळून खडीसाखर करण्याची विद्या मूळ आपल्या देशातील; ती अरबांनी भूमध्य समुद्राच्या काठी नेली, स्पॅनिश लोकांनी ती समुद्रापार नेली आणि खुद्द कोर्तेसने मेक्सिकोत साखरेचे घाणे घातले. इसवी सन १७६० नंतरच्या दशकात मेक्सिको पाहिलेल्या फ्रान्सिस्को दे आहोफ्रीन ह्या कापुचिन साधूने, मृतांच्या दिवसापूर्वी बाजारात साखरेची मेंढरे व इतर चित्रे विकत असल्याचे आणि ओळखीच्या घरच्या मुलांना ती द्यावीच लागत असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या शर्करेने मेक्सिकोतील मृतांचे तोंड गोड केले आणि त्यांच्या फुलाने आपल्या दाराचे तोरण झाले. दोन देशांतील हा अहेर कोणत्याही दूताच्या हस्ते दिला-घेतला गेलेला नाही.

राज्यकर्त्यांना मात्र हा सण नेहमीच आवडला असे नाही. रात्रभर स्मशानात गर्दी, खाणेपिणे, गाणीबजावणी हे अठराव्या शतकातील अधिकाऱ्यांना खटकू लागले. १७६६ मध्ये स्मशानातील जमावावर व रात्री नऊनंतर मद्यविक्रीवर राजधानीत बंदी घालण्यात आली. पुढे आरोग्याच्या कारणास्तव दफनभूमी गावाबाहेर नेण्याचे हुकूम निघाले. १८५९ मध्ये हुआरेसच्या शासनाने स्मशाने चर्चच्या ताब्यातून काढून सरकारच्या हाती दिली. हुकूम निघत गेले आणि सण चालत राहिला. आम्ही स्वतः हुकुमांच्या नकला करण्यात आयुष्य घालवीत आहोत. कोणता हुकूम लोकांच्या देवघरापर्यंत पोहोचतो आणि कोणता चौकटीबाहेर थांबतो, ह्याचा थोडाबहुत अनुभव आम्हांसही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सणाला एक थट्टेखोर अंग फुटले. जिवंत पुढाऱ्यांवर व नामांकितांवर, ते मेलेच आहेत असे समजून, विनोदी मृत्युलेख पद्यात लिहायचे आणि सांगाड्यांच्या चित्रांसह एका पानावर छापून विकायचे, अशी प्रथा पडली. ह्या चित्रांचा बादशहा होसे ग्वादालूपे पोसादा. १८५२ मध्ये आग्वासकालिएन्तेस येथे जन्मलेला हा खोदचित्रकार आंतोनिओ व्हानेगास आरोयो ह्याच्या छापखान्यासाठी हजारो चित्रे करीत राहिला. सायकलवरचे सांगाडे, नाचणारे सांगाडे, मोठी पिसांची टोपी घातलेली दिमाखदार बाई आणि तिची हसरी कवटी. आपले मूळ लपवून युरोपीय थाट करणाऱ्यांवर ती टीका होती. पोसादा १९१३ मध्ये दारिद्र्यात मेला. त्याला फुकटच्या जागेत पुरले, आणि पुढे त्याच्या अस्थींवर हक्क सांगणारे कोणी न आल्याने त्या सामायिक खड्ड्यात गेल्या. साऱ्या देशाला मृतांची चित्रे देणाऱ्या माणसाची कबर कोठे आहे, असे विचारले तर बोट दाखवायला जागा नाही.

१९१० ते १९२० च्या क्रांतीनंतर नव्या मेक्सिकोला स्वतःची ओळख हवी होती. ती युरोपात नको, आपल्या मातीत हवी. ज्याँ शार्लो ह्या चित्रकाराने १९२० नंतरच्या दशकात विस्मृत पोसादाला पुन्हा उजेडात आणले. दिएगो रिवेराने शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतींवर मृतांच्या दिवसाची चित्रे रंगवली. १९४७ च्या आपल्या प्रसिद्ध भित्तिचित्रात त्याने पोसादाच्या त्या कवटीवाल्या बाईला मध्यभागी उभे केले, तिच्या एका बाजूस पोसादा आणि दुसऱ्या बाजूस तिचा हात धरलेला बालपणीचा स्वतः रिवेरा. ज्याला कोणी वारस नव्हता त्याला अशा रीतीने एक मुलगा मिळाला.

१९५० मध्ये ओक्ताव्हिओ पाझ ह्यांचा मेक्सिकन स्वभावाची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक संपूर्ण प्रकरण ह्या सणावर आहे. मेक्सिकन माणूस मृत्यूपासून तोंड फिरवीत नाही, त्याच्याशी थट्टामस्करी करतो, असा त्यातील विचार पुढे जगभर पसरला. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा ग्रंथ पाझ ह्यांनी मेक्सिकोत बसून लिहिला नाही. ते परराष्ट्रखात्याचे नोकर होते व त्या वेळी त्यांची नेमणूक पॅरिसला होती. १९५१ च्या अखेरीस बदलीवरच ते बोटीने मुंबईस उतरले. पुढे १९६२ ते १९६८ ते दिल्लीत राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिकोच्या राजधानीत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. घरची गोष्ट घरापासून दूर असतानाच नीट दिसते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण बदलीच्या नोकरांना सापडणार नाही. तथापि पाझ ह्यांच्या विचाराला पुढील अभ्यासकांनी मुरड घातली आहे, तीही सांगितली पाहिजे. थट्टा आहे म्हणून शोक नाही असे नव्हे. मूल गमावलेली मेक्सिकन आई इतर कोणत्याही आईप्रमाणेच रडते. सण तिला हसायला लावीत नाही; वर्षातून एकदा तिला त्या मुलासाठी दूध तापवू देतो.

अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २००८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ह्या सणाचा समावेश केला. २०१५ च्या एका इंग्रजी हेरपटात मेक्सिको शहरातील सांगाड्यांची भव्य मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक त्या शहरात कधी निघतच नव्हती, पण चित्रपट पाहून प्रवासी येऊ लागतील म्हणून २०१६ पासून ती खरोखरच सुरू करण्यात आली. हे वाचून परंपरावाद्यांस हसू येईल. परंतु आपल्याही कित्येक 'पुरातन' प्रथांचा जन्मदाखला काढला तर तो फारसा जुना निघणार नाही. ह्याहून आम्हांस मोलाची वाटते ती अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांची हकीकत. त्यांच्या दोन-तीन पिढ्या तेथे गेल्या होत्या, भाषा निम्मी विसरली होती, आणि हा सण अनेक घरांतून सुटला होता. १९७२ च्या सुमारास लॉस एंजेलिस व सान फ्रान्सिस्को येथील कलावंतांनी तो पुन्हा शिकून घेऊन सुरू केला. २०२० मध्ये महामारीमुळे मेक्सिकोतील असंख्य स्मशाने त्या दिवसांत बंद ठेवावी लागली, तेव्हा कोणताही सोहळा नव्हता, मिरवणूक नव्हती. उरली ती घरातील मेजावरची मेणबत्ती, आणि सण झाला. ह्यावरून त्याचा प्राण कोठे आहे ते कळते. तारीख चर्चने दिली, चित्रे छापखान्याने दिली, प्रतिष्ठा सरकारने दिली. पण पाच शतके तो चालवला तो कुटुंबाने.

आपल्याकडे गोव्यात व वसईत ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुले व मेणबत्त्या वाहतात, त्या फुलांत झेंडूही असतो. तो धागा थेट एकाच पंचांगाचा आहे. हिंदू घरांतील पितृपक्षाशी मेक्सिकोचा असा धागा नाही. आहे ते केवळ माणसामाणसांतील साम्य. पण त्या साम्यामुळेच आम्हांस आमच्या घरातील एक उणीव ध्यानात आली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मागील सर्वपित्री अमावास्येस, सरकारी वसाहतीतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात, आम्ही पोथी समोर ठेवून तर्पण करीत होतो. पिता, पितामह, प्रपितामह, गोत्र, नाव, वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप. सारे यथासांग चालले होते. तिसरीत शिकणारी आमची मुलगी बाजूस बसून ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "बाबा, तुमच्या आजोबांना काय आवडायचं?" आमच्या आजोबांचे गोत्र आम्हांस ठाऊक, त्यांचे नाव ठाऊक, मंत्रातील रूपही ठाऊक; आणि ते काय आवडीने खात, हे मात्र ठाऊक नाही! ते आमच्या जन्मापूर्वीच गेले. वडिलांना विचारायचे राहून गेले. आता वडीलही पोथीतल्या ओळीत जाऊन बसले.

त्या दुपारी आम्ही गावी आत्याला दूरध्वनी केला. प्रश्न ऐकून ती क्षणभर गप्प झाली, मग हसली. "अरे, त्यांना काय लागतंय! ताकातल्या कण्या दिल्या की झालं. सणाला पुरणपोळी असली तरी आई त्यांच्यासाठी निराळ्या कण्या शिजवायची, आणि कुरकुरायची सुद्धा." त्यानंतर ती अर्धा तास बोलत होती. आजोबा पावसाळ्यात कोणत्या खोलीत झोपत, कोणत्या मुलाला जास्त मारीत, आजी गेल्यावर वर्षभर कसे बोलले नाहीत, हे सर्व आम्ही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी प्रथम ऐकले. आत्या आता शहात्तर वर्षांची आहे.

पोथी आपल्याला तीन पिढ्यांची नावे सांभाळून देते, हे तिचे उपकार मोठे आहेत. त्या नावांमागची माणसे सांभाळण्याचे काम मात्र तिने आपल्यावर सोपवले आहे, आणि बदलीच्या गावी ते लवकर हातातून निसटते. कारण तेथे विचारायला आत्या नसते, जुने घर नसते, स्वयंपाकघरात कुरकुरणारी आजी नसते. मेक्सिकोतील निरक्षर शेतकऱ्याची बायकोदेखील आपल्या सासऱ्यासमोर काय ठेवावे हे जाणते, कारण दर वर्षी ते ठेवावेच लागते. आमच्या मंत्रास ह्या माहितीची गरज पडत नाही, म्हणून आम्ही ती हरवून बसलो. आपल्या श्राद्धविधीत काही कमी आहे असे आमचे म्हणणे नाही. विधी होता तसाच राहू द्यावा. परंतु त्या दिवशी संध्याकाळी, घरातील वडीलधारे माणूस हयात असेल तोवर, मुलांदेखत त्याला चार प्रश्न विचारावेत व उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.

यंदाच्या अमावास्येस आमच्या घरी पानात वडे, खीर आणि भाजीबरोबर एका वाटीत ताकातल्या कण्या वाढल्या जातील. ज्वारी येथे सहज मिळत नाही. गावाहून येणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर आत्याने दोन शेर धाडली आहे. वाटी कोठे ठेवायची, हे मुलीने आधीच ठरवून टाकले आहे.